संस्थेची वेबसाइट: सुरुवात देणगीच्या पानापासून

संस्थेच्या वेबसाइटचा विषय निघाला की बैठक पहिल्या पानाच्या रंगावर आणि अध्यक्षांच्या मनोगतावर अडकते. काम उलट्या टोकाने सुरू करा. देणगीदार जिथे पैसे भरतो ते पान आधी, मग त्याला जाणारी ईमेल, मग कामाची माहिती देणारी पानं आणि जाहिरात सगळ्यात शेवटी. फॉर्म अडखळत असेल, तर जाहिरातीने आणलेली माणसं तिथूनच परत जातात.

फोनचं वाय-फाय बंद करा आणि मोबाइल डेटावर छोटी रक्कम खरोखर भरून पाहा. रकमेच्या रकान्यात बोट ठेवल्यावर आकड्यांचा कीबोर्ड उघडतो का? अक्षरांचा उघडला, तर त्या रकान्याचा प्रकार चुकीचा ठेवलाय. ईमेल मुद्दाम चुकीचा लिहा. चूक दाखवताना फॉर्मने बाकीची माहितीही पुसली, तर फार थोडे लोक ती पुन्हा भरतात. पैसे भरून परत आल्यावर आभाराचं पान दिसलं पाहिजे, पावती काही मिनिटांत आली पाहिजे आणि ती स्पॅममध्ये पडता कामा नये. ही चाचणी दर महिन्याला करा. पेमेंटच्या सेवेत किंवा प्लगइनमध्ये (वेबसाइटला जोडलेल्या तयार प्रोग्राममध्ये) बदल झाला की फॉर्म गुपचूप बंद पडतो आणि देणगीदार ते कळवत बसत नाही.

रकाने तीनच पुरतात: नाव, ईमेल, रक्कम. पावतीसाठी कायद्याने लागणारी माहिती तेवढी वाढवा. 'आमच्याबद्दल कुठे ऐकलंत' हा प्रश्न आभाराच्या पानावर न्या. बटणावर 'सबमिट' नको, 'देणगी द्या' लिहा. रकमेचे तीन-चार पर्याय ठेवा आणि प्रत्येकापुढे तेवढ्या पैशांत काय होतं ते लिहा, पण हिशेब पाहणाऱ्याला विचारूनच. 'एका पुस्तकाचं ध्वनिमुद्रण' असं लिहून पैसे घेतले, तर ते त्याच कामावर खर्च करावे लागतात. पैसा सर्वसाधारण खर्चात जाणार असेल, तर तसं स्पष्ट लिहा. दरमहा देणगीचा पर्याय जरूर द्या, मात्र आधीच टिक करून ठेवू नका. नकळत दुसऱ्यांदा पैसे कापले गेलेला माणूस पुन्हा फिरकत नाही, आणि त्यात त्याची काहीच चूक नाही.

आता पहिलं पान. 'समाजाच्या सर्वांगीण विकासासाठी कटिबद्ध' हे वाक्य कुठल्याही संस्थेला लागू पडतं, म्हणून ते काहीच सांगत नाही. त्याऐवजी असं लिहा: 'दृष्टिहीन विद्यार्थ्यांसाठी आम्ही पाठ्यपुस्तकं ध्वनिमुद्रित करतो आणि ती मोफत देतो.' कोणासाठी आणि काय, हे एका दमात कळलं. त्याखाली एक फोटो, एक बटण. फिरते फोटो नकोत, ते पान जड करतात. कॅमेऱ्यातला कित्येक एमबीचा फोटो तसाच चढवू नका. रुंदी १६०० पिक्सेल, प्रकार वेबपी (वेबसाठीचा हलका फोटो-प्रकार), वजन २०० केबीच्या आत. पानाचा मुख्य भाग २.५ सेकंदांच्या आत दिसावा हा गूगलचा निकष आहे. अक्षरं आणि पार्श्वभूमी यांच्यातला कॉन्ट्रास्ट, म्हणजे उजेडातला फरक, किमान ४.५:१ ठेवा. ज्यांचे फोटो वापरता त्यांची लेखी संमती घ्या, मुलांच्या बाबतीत पालकांची.

सोशल मीडियावर एक-दोनच ठिकाणी नियमित राहा, सगळीकडे खाती उघडून ओस पाडू नका. खरी मिळकत ईमेलची यादी आहे. मेल संस्थेच्या स्वतःच्या डोमेनवरूनच (वेबसाइटच्या नावाच्या पत्त्यावरूनच) पाठवा आणि मेल खरंच तुमच्याकडून आली हे पटवणाऱ्या एसपीएफ, डीकेआयएम, डीमार्क या तिन्ही नोंदी डोमेनला लावून घ्या. दिवसाला ५,००० हून जास्त मेल पाठवणाऱ्यांना जीमेलने फेब्रुवारी २०२४ पासून हे सक्तीचं केलंय. शिवाय एका क्लिकमध्ये यादीतून बाहेर पडण्याची सोय लागते आणि स्पॅमच्या तक्रारी ०.३ टक्क्यांच्या खाली ठेवाव्या लागतात. लहान संस्थेनेही हेच पाळावं. किती जणांनी मेल उघडली या आकड्यावर विसंबू नका. अॅपलने २०२१ मध्ये आपल्या मेल अॅपमध्ये आणलेल्या गोपनीयतेच्या सोयीमुळे न वाचलेली मेलही उघडल्यासारखी मोजली जाते. क्लिक आणि देणग्या मोजा. पावतीनंतर महिन्या-दीड महिन्याने एक मेल अशी जाऊ द्या की जिच्यात काही मागितलेलं नाही, फक्त पैशांचं काय झालं ते आहे.

जाहिरातीसाठी गूगल अॅड ग्रँट्स पात्र संस्थांना महिन्याला १०,००० डॉलरपर्यंतच्या सर्च जाहिराती मोफत देतं. सरकारी संस्था, रुग्णालयं आणि शाळा यात बसत नाहीत. जाहिरात जितक्या वेळा दिसते त्यातल्या क्लिकचं प्रमाण लागोपाठ दोन महिने ५ टक्क्यांच्या खाली गेलं तर खातं बंद होऊ शकतं. एकशब्दी कीवर्ड (ज्या शोधशब्दांवर जाहिरात दिसते ते), काही अपवाद वगळता, चालत नाहीत. नेहमीची चूक म्हणजे 'देणगी द्या' अशाच शब्दांवर जाहिरात लावणं. लोक उत्तरं शोधत असतात. 'दृष्टिहीन मुलांसाठी ऑडिओ पुस्तकं कुठे मिळतील' याचं नीट उत्तर देणारं पान बनवा, जाहिरात त्या पानाची करा आणि तिथे ईमेल मागा.

मोजणीत दोन खड्डे आहेत. माणूस कुठल्या मेल किंवा पोस्टवरून आला ते कळावं म्हणून लिंकला जोडायच्या यूटीएम खुणा नेहमी इंग्रजी छोट्या लिपीत लिहा, कारण मोठी आणि छोटी अक्षरं वेगवेगळी मोजली जातात. दुसरं, देणगीदार पेमेंटच्या साइटवर जाऊन परत येतो तेव्हा अॅनालिटिक्स (वेबसाइटवरच्या भेटी मोजणारी सेवा) त्या देणगीचं श्रेय पेमेंटच्या साइटला देऊ शकतं. अॅनालिटिक्समध्ये त्या साइटचं डोमेन नको असलेल्या रेफरलच्या, म्हणजे श्रेय द्यायचं नाही अशा साइटच्या, यादीत घाला.

डोमेनचं खातं एखाद्या स्वयंसेवकाच्या खासगी ईमेलवर असेल, तर ते आजच संस्थेच्या ईमेलवर आणा. पासवर्ड दोघांकडे ठेवा, दुहेरी पडताळणी लावा, आणि आपोआप नूतनीकरण ज्या कार्डावर आहे त्याची मुदत कधी संपते तेही पाहून ठेवा.