पायथनच्या फंक्शनची आर्ग्युमेंट्स आणि डिफॉल्ट कसे तपासावेत

लासलगावच्या एका आडतीसाठी मी नाशिकला घरी बसून कांद्याच्या हिशोबपट्टीचा छोटा प्रोग्राम पायथन या प्रोग्रामिंग भाषेत लिहिला होता. पहिली पट्टी बरोबर निघाली. दुसऱ्या शेतकऱ्याच्या पट्टीत मात्र पहिल्याची हमाली-तोलाईसुद्धा कापली गेली. कष्टाच्या पैशातून माझ्या चुकीपायी रक्कम गेली, हे मनाला फार लागलं.

फंक्शन असं होतं: पट्टी(वजन, भाव, कपात=[]). कंसातली नावं म्हणजे आर्ग्युमेंट्स, आणि कपातपुढची रिकामी लिस्ट हा तिचा डिफॉल्ट, म्हणजे काही दिलं नाही तर वापरली जाणारी किंमत. पायथन ३ मध्ये नावं देवनागरीत चालतात, आणि हिशोबाच्या कामात ती जरूर द्यावीत. आत हमाली आणि तोलाई 'कपात' या लिस्टमध्ये ॲपेंड होत आणि त्यांची बेरीज वजा होई.

तपासायला आधी इन्स्पेक्ट (inspect) मॉड्यूल इम्पोर्ट करा. ते पायथनसोबतच येतं. त्यातलं सिग्नेचर (signature) फंक्शनची आर्ग्युमेंट्स आणि डिफॉल्ट दाखवतं. त्याला आपल्या फंक्शनचं नुसतं नाव द्या. पुढे कंस लावलेत तर पायथन ते फंक्शनच चालवायला जातो. आलेलं उत्तर प्रिंट करा.

मला सुरुवातीला (वजन, भाव, कपात=[]) दिसलं. एक पट्टी काढून पुन्हा पाहिलं तर (वजन, भाव, कपात=[६४०, १८०])! डिफॉल्ट किंमत फंक्शनची व्याख्या होताना एकदाच तयार होते, दर वेळी नव्याने नाही. तीच लिस्ट पुढच्या शेतकऱ्याच्या वाट्याला येत होती.

एकेक आर्ग्युमेंट वेगळं पाहायचं तर सिग्नेचरच्या पॅरामीटर्सवर लूप फिरवा. प्रत्येकाचं नाव, प्रकार आणि डिफॉल्ट मिळतो. डिफॉल्ट दिलेलाच नसेल तिथे 'एम्प्टी' (empty) नावाची खास खूण येते. तिला 'नन' (None, पायथनमधलं 'काही नाही') समजू नका, कारण नन हा स्वतःच डिफॉल्ट असू शकतो. तुलना 'इज'ने (is) करा.

जुन्या धड्यांतलं याच कामाचं गेटआर्गस्पेक (getargspec) वापरू नका, ते पायथन ३.११ मध्ये काढून टाकलंय. डेकोरेटर (फंक्शनला बाहेरून गुंडाळणारं दुसरं फंक्शन) लावलेल्या फंक्शनची सिग्नेचर भलतीच दिसली, तर डेकोरेटरमध्ये फंकटूल्सचं रॅप्स (functools.wraps) लावायचं राहून गेलंय का ते बघा. पायथनच्या स्वतःच्या काही बिल्ट-इन फंक्शन्सवर व्हॅल्यू एरर येते. त्यांची सिग्नेचर अशी मिळत नाही.

दुरुस्ती सोपी आहे. कपात=नन लिहा आणि फंक्शनच्या आत, नन असेल तर नवी रिकामी लिस्ट करा. मग दोन वेगवेगळ्या पट्ट्या काढून सिग्नेचर पुन्हा छापा. दोन्हीनंतर कपात=नन असंच दिसलं, तरच प्रोग्राम आडतीवर न्या.