८७ तुकडे आणि एक पूर्ण गाणं

माझ्या फोनमध्ये दोन वर्षांत ८७ रेकॉर्डिंग साठली होती. कुठे दोन ओळींची चाल, कुठे नुसतं गुणगुणणं, कुठे गिटारच्या चार कॉर्ड आणि मागे पंख्याची घरघर. पूर्ण गाणं एकही नव्हतं. तरी कोणी विचारलं की मी सांगायचे, ‘मी गाणी लिहिते.’ स्वतः लिहून स्वतः गायचं म्हणून या वाटेला येणारे बरेच जण मला इथेच अडकलेले दिसतात. आवाज छान असतो, चाली सुचतात, पण गाणं काही शेवटाला जात नाही.

त्यातून मी बाहेर आले ती एक नियम लावून घेतल्यामुळे. दर दोन आठवड्यांनी एक गाणं संपवायचं. ध्रुवपद, दोन कडवी, शेवट, सगळं. आवडलं नाही तरी संपवायचं. पहिली सहा गाणी वाईट झाली, ती मी कुणालाही ऐकवली नाहीत. पण खरी अडचण दुसऱ्या कडव्यात असते, हे मला त्यांच्यामुळेच कळलं. पहिल्या कडव्यात सगळं सांगून टाकलं की दुसऱ्यात तेच शब्द बदलून येतं. आता मी पहिल्या कडव्यात फक्त प्रसंग ठेवते आणि त्यामागची गोष्ट दुसऱ्यासाठी राखून ठेवते. कॉर्डची मात्र फार काळजी करू नका. सी, जी, ए मायनर, एफ एवढ्या चार कॉर्डवर कितीतरी पॉप गाणी उभी आहेत.

त्यापेक्षा शब्द चालीवर कसे बसतात तिकडे लक्ष द्या. सातव्या गाण्याच्या ध्रुवपदात माझी ओळ होती, ‘उशिरा आले मी’. चालीत दुसऱ्या अक्षरावर लांब सूर होता, त्यामुळे गाताना ‘उशीऽऽरा’ व्हायचं. कानाला खटकायचं, पण काय चुकतंय ते कळेना. मग एकदा ओळ गाण्याऐवजी नुसती बोलून पाहिली. ‘उशिरा’तला ‘शि’ ऱ्हस्व आहे, तो ताणला की शब्दच मोडतो. ‘उशीर’मध्ये मात्र ‘शी’ दीर्घ आहे. ओळ केली, ‘उशीर झाला मला’. लिहिताना एक अक्षर वाढलं, पण ‘उशीर’चा ‘र’ बोलताना अर्धाच येतो, त्यामुळे सूर तेच राहिले आणि लांब सूर बरोबर ‘शी’वर आला. गंमत म्हणजे अर्थही हलला. ‘उशिरा आले मी’मध्ये कबुली आहे, ‘उशीर झाला मला’ म्हणणारी बाई स्वतःला थोडी सोडवून घेतेय. ती स्वतःला का सोडवतेय, यातूनच दुसरं कडवं निघालं. तेव्हापासून प्रत्येक ओळ मी आधी बोलते, मग गाते.

घरी रेकॉर्ड करताना महागड्या माइकपेक्षा खोलीचा फरक जास्त पडतो. उघड्या भिंतींवरून परतणारा आवाज एकदा रेकॉर्ड झाला की नंतर नीट काढता येत नाही. मी कपड्यांनी भरलेल्या उघड्या कपाटासमोर उभी राहून, पाठीमागे जाड रजई टांगून गाते. माइकपासून वीतभर अंतर ठेवा. फार जवळ गेलात तर आवाजाचा खर्ज फुगतो. कंडेन्सर माइक, म्हणजे बाहेरून वीज लागणारा माइक असेल, तर इंटरफेसवर (माइक कंप्युटरला जोडणाऱ्या पेटीवर) ४८ व्होल्टचं बटण चालू करावं लागतं. नवख्या माणसाला माइक बिघडलाय असं वाटतं ते बहुधा हे बटण बंद राहिल्यामुळेच. रेकॉर्डिंग २४ बिटवर (ही सॉफ्टवेअरमधली दर्जाची सेटिंग) करा आणि पातळी थोडी खालीच ठेवा, सगळ्यात मोठा सूरसुद्धा उणे ६ डेसिबलच्या वर जाऊ नये. मीटरवर शून्य ही शेवटची मर्यादा असते. माझा एक फार सुंदर टेक शून्याच्या वर जाऊन फाटला. तसा मी पुन्हा कधीच गायले नाही.

आता पैशांकडे, कारण याबद्दल वेळेवर कोणी सांगत नाही. एका गाण्यात दोन वेगळे हक्क असतात. शब्द आणि चाल मिळून होते ती रचना, तिचा एक. आणि प्रत्यक्ष ध्वनिमुद्रणाचा, म्हणजे मास्टरचा, दुसरा. माझ्या पहिल्या प्रदर्शित गाण्याला एका मित्राने संगीत संयोजन करून दिलं. आम्ही काहीच लिहून ठेवलं नव्हतं. गाणं बाहेर आल्यावर त्याने रचनेतला अर्धा हिस्सा मागितला, आणि त्याच्या मते ते रास्तच होतं. मैत्री जवळजवळ तुटली. आता स्टुडिओतून उठण्याआधी एका कागदावर रचनेत कोणाचे किती टक्के, मास्टरमध्ये कोणाचे किती, तारीख आणि सह्या होतात. त्याला स्प्लिट शीट म्हणतात. मागायला संकोच वाटतो, तरी मागाच.

प्रदर्शनासाठी वितरक लागतो, तो गाणं ऐकण्याच्या सगळ्या ॲपवर पोचवतो. प्रत्येक रेकॉर्डिंगला १२ अक्षर-अंकांचा आयएसआरसी कोड, म्हणजे त्या रेकॉर्डिंगचा ओळख क्रमांक, मिळतो. तो जपून ठेवा. पुढे वितरक बदलला तर त्याच रेकॉर्डिंगला तोच कोड द्यायचा. स्पॉटिफायच्या प्लेलिस्ट ठरवणाऱ्या संपादकांना गाणं सुचवायचं तर ते प्रदर्शनाच्या निदान सात दिवस आधी करा. मी आदल्या रात्री फाइल चढवून ती संधी घालवली होती. तिथे ३० सेकंद ऐकल्यावरच एक स्ट्रीम, म्हणजे गाणं एकदा ऐकलं गेलं असं, मोजला जातो, म्हणून लांबलचक सुरुवातीचा मोह मी सोडला. आणि २०२४ पासून १२ महिन्यांत १,००० स्ट्रीम झाल्याशिवाय त्या रेकॉर्डिंगचे पैसे मिळत नाहीत.

‘उशीर झाला मला’ला त्या हजारापर्यंत जायला सात महिने लागले. तेवढ्या काळात मी ते गाणं अकरा ओपन माइकमध्ये, म्हणजे कोणीही मंचावर येऊन गाऊ शकेल अशा कार्यक्रमांत, गायले. पहिल्या वेळी हात इतके थरथरत होते की एफची कॉर्ड लागेना. नवव्या वेळी मागच्या रांगेतली एक मुलगी ध्रुवपदाला माझ्याबरोबर ओठ हलवत होती. तिला शब्द कुठून माहीत होते, ते विचारायचं राहूनच गेलं.