सर्व्हिसिंग वेळेवर, तरी खर्च मोठा? गाडीच्या तेल-पाण्यात होणाऱ्या या चुका टाळा

मे महिन्यात कोकणातून वर येताना कुठल्याही घाटात एखादी तरी गाडी बॉनेट उघडून कडेला उभी दिसते. चालकाला विचारलं तर उत्तर ठरलेलं असतं, "आत्ताच सर्व्हिसिंग केलं होतं हो!" ते खरंही असतं. पण दोन सर्व्हिसिंगच्या मधल्या महिन्यांत गाडीच्या तेल-पाण्याकडे कुणी पाहिलेलं नसतं, आणि गॅरेजची मोठमोठी बिलं बहुतेक वेळा तिथेच तयार होतात.

रेडिएटरमध्ये नळाचं पाणी

सगळ्यात महागात पडणारी चूक हीच. कूलंट, म्हणजे इंजिन थंड ठेवणारं द्रव, थोडं कमी दिसलं की बाटलीभर पाणी ओतलं जातं. आपल्याकडे बोअरचं पाणी किती जड असतं ते घरातल्या गिझरच्या कॉइलवर दिसतंच. तेच क्षार रेडिएटरच्या बारीक नळ्यांत बसतात. शिवाय कूलंट पातळ झालं की त्यातला गंजरोधक भाग कमी पडतो आणि वॉटर पंप आणि कूलंटचा प्रवाह तापमानानुसार उघड-बंद करणारा थर्मोस्टॅट आतून खराब होऊ लागतात. सपाट रस्त्यावर महिनोन्‌महिने काही जाणवत नाही. चार माणसं, सामान, चालू एसी आणि दुसऱ्या गिअरमधला चढ एकत्र आला की मग इंजिन तापतं.

महाबळेश्वरच्या उंचीवर उघड्या भांड्यातलं पाणी साधारण ९५ अंशांनाच उकळतं. रेडिएटरमध्ये तसं होत नाही, कारण झाकण आत दाब धरून ठेवतं. म्हणून झाकणाचं रबर कडक झालं असेल किंवा स्प्रिंग ढिली पडली असेल, तर कूलंट चांगलं असूनही गाडी उकळते. झाकण ही स्वस्तातली वस्तू, पण ते तपासायला सांगणारे ग्राहक फारच थोडे.

सकाळी इंजिन थंड असताना कूलंटच्या बाटलीवरच्या दोन खुणा बघा. पातळी त्यांच्यामध्ये हवी. भरायचं तर कंपनीने सांगितलेलंच कूलंट. ते तयार मिश्रण नसेल तर डिस्टिल्ड वॉटरमध्ये मिसळून. नुसता रंग जुळतो म्हणून दुसरं ओतू नका. दर महिन्याला पातळी उतरत असेल तर नुसतं भरत राहण्यात अर्थ नाही, ते कुठेतरी जातंय. होस पाईपचे जोड आणि वॉटर पंपाखालचे डाग बघायला सांगा. डिपस्टिकवरचं, म्हणजे ऑइलची पातळी मोजायच्या पट्टीवरचं, इंजिन ऑइल दुधाच्या चहासारखं दिसत असेल, तर ऑइलमध्ये पाणी शिरतंय, बहुधा हेड गॅस्केट (इंजिनचा वरचा भाग, म्हणजे हेड, आणि खालचा भाग यांच्यामधलं सील) गेलंय. अशी गाडी चालवत गॅरेजला नेऊ नका, टो करा.

वाटेत काटा वर चढला किंवा तापमानाचा लाल दिवा लागला तर एसी बंद, हीटर पूर्ण चालू आणि सुरक्षित जागा दिसताच गाडी बाजूला घेऊन इंजिन बंद. वाफ येत असेल तर बॉनेटलाही हात नको. निदान अर्धा तास थांबा. गरम रेडिएटरचं झाकण उघडलं तर उकळतं पाणी थेट तोंडावर येतं. तापलेल्या इंजिनवर गार पाणीही ओतू नका. आणि "पुढच्या गावापर्यंत जाऊ" हा विचार तर मनातही आणू नका. ॲल्युमिनियमचं हेड तेवढ्यात वाकतं, आणि हेड उतरवायची वेळ आली की होस पाईपच्या खर्चात भागणारं काम कितीतरी पटींनी वाढतं.

"गाडी कुठे एवढी चालते?"

असं म्हणून इंजिन ऑइल बदलणं लांबवलं जातं. बऱ्याच पेट्रोल गाड्यांना १०,००० किलोमीटर किंवा एक वर्ष, जे आधी येईल ते, असं सांगितलेलं असतं. रोज तीन-चार किलोमीटर जाणाऱ्या गाडीचं इंजिन नीट तापतच नाही. त्यामुळे ऑइलमधला ओलावा आणि पेट्रोलचा अंश उडून जात नाही. कमी चालणाऱ्या गाडीला वर्षाची अट म्हणूनच पाळायची. महिन्यातून एकदा सपाट जागी डिपस्टिक पुसून पातळी बघा. वरच्या खुणेच्या वर भरणंही चूकच. ऑइलचा लाल दिवा चालत्या गाडीत लागला तर तिथेच इंजिन बंद करा.

ब्रेक ऑइल विसरणं

हे हवेतला ओलावा शोषतं. नवं डॉट ४ (ब्रेक ऑइलचा एक दर्जा) ऑइल किमान २३० अंशांपर्यंत उकळत नाही; ओलावा मुरल्यावर ही मर्यादा १५५ पर्यंत खाली येऊ शकते. लांबच्या उतारावर सतत ब्रेक दाबला की ते उकळतं, पेडल मऊ होऊन खाली जातं. इथे प्रश्न बिलाचा राहत नाही, जिवाचा होतो. साधारण दोन वर्षांनी ऑइल बदलून घ्या, आणि घाट ज्या गिअरमध्ये चढता त्याच गिअरमध्ये उतरा. पातळी कमी झाली असेल तर आधी ब्रेक पॅड तपासा. ते झिजले की पातळी आपोआप उतरते.

पावसाळ्यात

काचेखालच्या जाळीत अडकलेली पानं जून उजाडायच्या आत काढा, नाहीतर तुंबलेलं पाणी केबिनमध्ये उतरतं. रस्त्यावरच्या पाण्यात गाडी बंद पडली तर पुन्हा स्टार्टर मारू नका. सिलिंडरमध्ये पाणी गेलं असेल तर ते दाबलं जात नाही, पिस्टनला जोडलेला कनेक्टिंग रॉड वाकतो. हे नुकसान नेहमीच्या विमा पॉलिसीत सहसा बसत नाही, त्यासाठी इंजिन प्रोटेक्शनचं वेगळं कव्हर लागतं. गाडी ढकलून बाजूला घ्या, टो करून न्या, आणि एअर फिल्टर ओला आहे का ते पाहिल्याशिवाय मेकॅनिकलाही चावी फिरवू देऊ नका.