रस्ता विचारण्यापुरतं इंग्रजी: सुरुवात उत्तरापासून करा

रस्ता विचारायला एकदोन वाक्यं पुरतात. अडतं ते उत्तर ऐकताना. घोकलेला प्रश्न तुम्ही नीट विचारलात, की समोरच्याला वाटतं याला इंग्रजी चांगलं येतं, आणि मग तो भरभर चारपाच वाक्यं सांगून मोकळा होतो. म्हणून शिकण्याचा क्रम उलटा ठेवा. उत्तरात काय काय येऊ शकतं ते आधी, प्रश्न नंतर.

पायरी १ : उत्तरातले शब्द कानाला ओळखीचे करा

हे शब्द फार नाहीत. ‘गो स्ट्रेट’ म्हणजे सरळ जा. ‘टर्न लेफ्ट’ डावीकडे वळा, ‘टर्न राइट’ उजवीकडे. ‘क्रॉस द रोड’ रस्ता ओलांडा. इथवर कुणालाच अडचण येत नाही. घोळ होतो तो पुढच्या चार ठिकाणी.

‘टेक द सेकंड लेफ्ट’ याचा अर्थ दोनदा डावीकडे वळा असा नाही. डाव्या हाताला लागणारा पहिला रस्ता सोडायचा आणि दुसऱ्यात शिरायचं. उजवीकडे किती रस्ते लागले ते मोजायचंच नाही.

‘गो पास्ट द बँक’ म्हणजे बँक मागे टाकून पुढे जा. बँकेपाशी वळायचं असेल, तर ‘टर्न लेफ्ट ॲट द बँक’ असं ऐकू येईल. ‘पास्ट’ आणि ‘ॲट’ एवढ्याच फरकाने माणूस एक गल्ली आधी वळतो.

‘इट्स ऑन युअर लेफ्ट’ ऐकून बरेच जण वळतात. वळायचं नसतं, ठिकाण डाव्या हाताला आहे, एवढंच सांगितलेलं असतं. ‘इट्स’ कानावर पडलं की बहुतेक वेळा वळणं संपलेली असतात आणि पुढे येतो तो ठिकाणाचा पत्ता.

चौथा घोळ आपल्या ‘समोर’चा. बँकेसमोर, म्हणजे रस्त्याच्या पलीकडे की बँकेच्या दारापुढेच? मराठीत दोन्ही चालतं. इंग्रजीत पलीकडच्या बाजूला ‘ऑपोझिट द बँक’ किंवा ‘अक्रॉस फ्रॉम द बँक’ म्हणतात आणि दारापुढच्या जागेला ‘इन फ्रंट ऑफ द बँक’. टॅक्सीवाल्याला ‘इन फ्रंट ऑफ’ सांगून तुम्ही पलीकडे उभे राहिलात, तर तो तुम्हाला अलीकडे शोधत बसेल. ‘नेक्स्ट टू’ म्हणजे शेजारी, ‘बिहाइंड’ म्हणजे मागे. यांत गोंधळ होत नाही.

पायरी २ : प्रश्न

अनोळखी माणसाला थांबवताना आधी ‘एक्सक्यूज मी’. मग ‘हाउ डू आय गेट टू द बस स्टेशन?’ हे एकच वाक्य पक्कं करा आणि शेवटचं ठिकाण बदलत राहा. ठिकाणाचं नाव कागदावर किंवा फोनवर लिहून दाखवायला लाजू नका, कारण बऱ्याचदा चुकतो तो आपला त्या नावाचा उच्चार.

‘इज दिस द वे टू द स्टेशन?’ हा प्रश्न मात्र शक्यतो टाळावा. घाईतला माणूस सवयीने ‘यस’ म्हणून निघून जातो. ‘व्हिच वे इज द स्टेशन?’ विचारलं, की त्याला हात करून दिशा दाखवावीच लागते.

पायरी ३ : ऐकलेलं परत म्हणून दाखवा

ही पायरी सगळ्यात जास्त उपयोगाची आणि सगळ्यात जास्त गाळली जाणारी. संवाद असा होतो:

– एक्सक्यूज मी, हाउ डू आय गेट टू द बस स्टेशन?
– गो स्ट्रेट, पास्ट द पोस्ट ऑफिस, टेक द सेकंड राइट, अँड इट्स ऑन युअर लेफ्ट, ऑपोझिट द पार्क.
– स्ट्रेट, पास्ट द पोस्ट ऑफिस... सेकंड राइट आफ्टर द पोस्ट ऑफिस?
– यस.
– देन ऑन द लेफ्ट. थँक यू!

तिसऱ्या ओळीतला ‘आफ्टर द पोस्ट ऑफिस?’ बघा. दुसरा रस्ता मोजायचा, पण कुठून? सांगणाऱ्याच्या मनात ते पक्कं असतं, ऐकणाऱ्याच्या नसतं. तुमचं वाक्य अर्धवट, व्याकरण मोडकं असलं तरी चालेल. चुकलं असेल तर समोरचा लगेच दुरुस्त करतो. न कळता ‘ओके, ओके’ म्हटलंत, तर ती संधी गेली. काहीच कळलं नाही, तर ‘सॉरी, कुड यू से दॅट अगेन, स्लोली?’

पायरी ४ : आकडे आणि वेळ

‘थर्टीन’ आणि ‘थर्टी’, ‘फिफ्टीन’ आणि ‘फिफ्टी’ गर्दीत सारखेच ऐकू येतात. ‘-टीन’वाल्या आकड्यांत जोर सहसा शेवटी पडतो, ‘-टी’वाल्यांत सुरुवातीला. तरी शंका उरली तर ‘वन थ्री ऑर थ्री झीरो?’ असे सुटे अंक विचारा. फलाट किंवा बसचा नंबर असेल तर हे दर वेळी करा.

वेळेत मराठीची मदत होते. सव्वासहा ‘क्वार्टर पास्ट सिक्स’, साडेसहा ‘हाफ पास्ट सिक्स’, पावणेसात ‘क्वार्टर टू सेव्हन’. ब्रिटिश माणूस बोलताना नुसतं ‘हाफ सेव्हन’ म्हणाला, तर ते साडेसात, साडेसहा नव्हे. हे सगळं जड जात असेल तर सरळ ‘सिक्स फॉर्टी-फाइव्ह’ म्हणा.

तारीख आकड्यांत सांगू-लिहू नका. ५/६ म्हणजे ब्रिटिशांना ५ जून, अमेरिकनांना ६ मे. महिन्याचं नाव घ्या.

पायरी ५ : तिकीट, चढणं, उतरणं

जाऊन-येऊन तिकिटाला ब्रिटनमध्ये ‘रिटर्न’ म्हणतात, अमेरिकेत ‘राउंड ट्रिप’. फक्त जायचं असेल तर ‘सिंगल’ किंवा ‘वन-वे’. परतीचा एकाच बाजूचा प्रवास हवा असताना ‘रिटर्न’ मागितलंत, तर दोन्ही बाजूंचे पैसे भराल.

बस, ट्रेन, विमान यांत ‘गेट ऑन’ आणि ‘गेट ऑफ’. कार, टॅक्सीत ‘गेट इन’ आणि ‘गेट आउट’. आत उभं राहून चालता येत असेल तिथे ‘ऑन’, वाकून बसावं लागत असेल तिथे ‘इन’. सायकलला हा नियम लागू नाही, तिलाही ‘ऑन’च. उतरण्यासाठी आपल्या तोंडी येणारं ‘गेट डाउन’ सगळीकडे कळेलच असं नाही. ड्रायव्हरला विचारायचं वाक्य: ‘व्हेअर डू आय गेट ऑफ फॉर द म्युझियम?’

‘बाय बस’, ‘बाय ट्रेन’, पण पायी म्हणजे ‘ऑन फूट’. ‘बाय माय कार’ चूक, ‘इन माय कार’ बरोबर. आणि ‘रीच’नंतर ‘टू’ येत नाही: ‘आय रीच्ड द स्टेशन’.

पायरी ६ : प्रवासाचा बेत सांगणं

भविष्यातली गोष्ट म्हणजे ‘विल’, असं शाळेत डोक्यात बसलेलं असतं. इथे मराठीवर भरवसा ठेवा. ‘मी शुक्रवारी निघतोय’ हा ठरलेला बेत: ‘आय ॲम लीव्हिंग ऑन फ्रायडे’. ‘गाडी सव्वासहाला सुटते’ हे वेळापत्रक: ‘द ट्रेन लीव्ज ॲट सिक्स फिफ्टीन’. ‘बरं, मग मी बसने जाईन’ हे आत्ता, बोलता बोलता ठरलं: ‘ओके, आय विल टेक द बस’. मराठी तीन रूपं वापरते, इंग्रजीही तीन.

वेळेला ‘ॲट’, वाराला आणि तारखेला ‘ऑन’, महिन्याला ‘इन’. ‘नेक्स्ट फ्रायडे’ मात्र भांडणाचं मूळ आहे: कुणाला तो येता शुक्रवार वाटतो, कुणाला त्याच्या पुढचा. वार आणि तारीख दोन्ही सांगा, ‘फ्रायडे द ट्वेल्फ्थ’.

सराव

फोनवरच्या नकाशाची भाषा इंग्रजी करा आणि नेहमीच्या रस्त्याने जाताना आवाज चालू ठेवा. रस्ता पाठ असल्यामुळे प्रत्येक वाक्याचा अर्थ समोर दिसतो. काही दिवसांनी आवाज बंद करून, प्रत्येक वळणाआधी तेच वाक्य स्वतः मोठ्याने म्हणा. नकाशा ‘इन टू हंड्रेड मीटर्स’ म्हणतो, माणसं मात्र अंतर सहसा मिनिटांत सांगतात. तेव्हा ‘इट्स फाइव्ह मिनिट्स ऑन फूट’ हे वाक्य वेगळं घोटून ठेवावं लागेल.