मुलं चालत किंवा सायकलने शाळेत जाणार? मग या चुका टाळा

‘नीट जा, बघून रस्ता ओलांड’ एवढं सांगून मुलाला दारातून निरोप देणं, ही सर्वांत जास्त होणारी चूक. बघायचं म्हणजे नेमकं काय बघायचं, हे त्याला कुणी दाखवलेलंच नसतं. लहान मुलं गाडी किती लांब आहे ते पाहतात. ती किती वेगाने येते आहे, याचा अंदाज त्यांना साधारण दहा वर्षांपर्यंत नीट येत नाही. म्हणून लांबून सुसाट येणारी गाडी त्यांना ‘अजून खूप दूर’ वाटते.

हिशेब करून पाहा. ताशी 50 किलोमीटरने येणारी गाडी सेकंदाला जवळजवळ 14 मीटर पुढे येते. 7 मीटर रुंदीचा रस्ता ओलांडायला मुलाला सहा-सात सेकंद लागतात. तेवढ्यात गाडी 90 मीटर अंतर कापून मुलापाशी पोहोचलेली असते. हे आकडे मुलाला पाठ करायला लावू नका, रस्त्याच्या कडेला उभं राहून दाखवा. साधारण 100 मीटरवरचा एखादा खांब निवडा. गाडी त्या खांबापाशी आली की दोघांनी मोजायला सुरुवात करायची आणि ती समोरून गेली की थांबायचं. मग मोकळ्या जागेत रस्त्याच्या रुंदीएवढं अंतर चालून तेही मोजा. असं दहा-बारा गाड्यांसाठी केलं की ‘आत्ता जाऊ का?’ या प्रश्नाचं उत्तर मूल स्वतः देऊ लागतं.

दुसरी चूक हात धरून चालण्यातली. हात धरला की सगळे निर्णय मोठी माणसं घेतात आणि मूल नुसतं ओढलं जातं. अगदी लहान मुलांचा हात सोडायचाच नाही, पण निर्णय मात्र त्यांना बोलून दाखवू द्या. मोठ्या मुलांच्या बाबतीत काही दिवस सोबत चाला, मग भूमिका बदला: ‘आज तू मला ने.’ तुम्ही दोन पावलं मागे राहा. कुठे थांबायचं, काय दिसतंय, कधी निघायचं, हे त्याने मोठ्याने सांगायचं. चुकलं तर तिथल्या तिथे थांबवा, घरी जाऊन रागावण्यात अर्थ नाही. आठ-दहा फेऱ्या लागोपाठ बिनचूक झाल्यावरच एकटं सोडण्याचा विचार करा.

रस्ता ओलांडताना तीन जागी हमखास घात होतो. एक, उभ्या गाड्यांच्या मधून बाहेर पडताना. मुलाची उंची गाडीच्या बॉनेटपेक्षा थोडीच जास्त असते, त्यामुळे त्याला रस्ता दिसत नाही आणि चालकाला मूल दिसत नाही. दुसरी वाट नसेलच तर आधी उभ्या गाडीत चालक नाही आणि इंजिन बंद आहे हे पाहायचं, मग गाडीच्या रस्त्याकडच्या कडेपर्यंत जाऊन तिथे पुन्हा थांबायचं. दोन, एकापेक्षा जास्त लेन असलेला रस्ता. पहिल्या लेनमधली गाडी थांबते, चालक हाताने ‘जा’ म्हणतो, मूल धावतं आणि शेजारच्या लेनमधून दुसरी गाडी येते. चालकाच्या खुणेवर निघायचं नाही; थांबलेल्या गाडीच्या टोकाशी थांबून पुढची लेन बघायची. तीन, वळणारा ट्रक किंवा बस. वळताना मागची चाकं आत सरकतात. चालकाचा आरसा आपल्याला दिसत नसेल तर आपणही त्याला दिसत नाही, हे मुलांना लवकर पटतं.

वाट निवडताना जवळचा रस्ता म्हणजे चांगला रस्ता असं समजू नका. दोन-चार मिनिटं जास्त लागली तरी चालतील, पण कमी वेळा रस्ता ओलांडावा लागेल, सलग फुटपाथ असेल आणि गाड्या आत-बाहेर करणारी फाटकं कमी असतील अशी वाट घ्या. ती सुट्टीच्या दिवशी पाहून काही कळत नाही. शाळेच्या दिवशी, शाळेच्याच वेळेला चालून पाहा. आणि घरातून दहा मिनिटं आधी निघा. उशीर झालेलं मूल धावतं, आणि धावणारं मूल थांबून बघत नाही.

सायकलीच्या बाबतीत ‘वाढत्या अंगाची’ सायकल घेणं महागात पडतं. सीटच्या पुढे दांड्याच्या दोन्ही बाजूंना पाय ठेवून उभं राहिल्यावर दोन्ही टाचा जमिनीला टेकायला हव्यात आणि दांड्याच्या वर निदान दोन-तीन सेंटीमीटर जागा हवी. नवशिक्यासाठी सीट इतकी खाली ठेवा की बसल्या बसल्या दोन्ही पायांचे चवडे टेकतील. ब्रेकचे लिव्हर बोटांना सहज पोहोचतात का पाहा. बहुतेक लिव्हरला अंतर कमी करणारा छोटा स्क्रू असतो. लिव्हर दाबल्यावर हँडलला टेकत असेल तर केबल सैल झाली आहे किंवा ब्रेकपॅड झिजले आहेत. हवेचा दाब टायरच्या बाजूला छापलेल्या मर्यादेत ठेवा. हवा कमी असताना खड्ड्यात चाक आदळलं की रिमखाली ट्यूब चिमटते आणि शेजारी शेजारी दोन भोकं पडतात.

हेल्मेट मागे सरकवून घालणं ही जवळजवळ प्रत्येक शाळेबाहेर दिसणारी चूक. त्याची पुढची कड भुवयांच्या वर दोन बोटांवर हवी, दोन्ही बाजूंचे पट्टे कानाखाली मिळायला हवेत आणि हनुवटीखाली एक-दोन बोटंच मावायला हवीत. जोरात आपटलेलं हेल्मेट बाहेरून चांगलं दिसलं तरी बदला, कारण आतला फोम एकदाच दबतो.

रहदारीत उतरण्याआधी मोकळ्या मैदानात चार गोष्टी जमायला हव्यात: आखलेल्या रेषेवर थांबणं, एका हाताने सरळ चालवणं, दोन्ही ब्रेक एकत्र दाबणं आणि चाक न वळवता खांद्यावरून मागे बघणं. शेवटची सर्वांत अवघड. मागे बघताना सायकल एका बाजूला झुकत असेल तर त्या मुलाला अजून रस्त्यावर नेऊ नका. रस्त्यावर उभ्या गाड्यांपासून एक मीटर लांब चालवायला शिकवा, कारण दार अचानक उघडतं. दप्तर हँडलला लटकवायचं नाही.

पहाटेच्या अंधारात किंवा संध्याकाळी निघायचं असेल तर पिवळ्याधमक फ्लोरोसंट कपड्यांवर विसंबू नका. ते दिवसाच चमकतात. रात्री उपयोगी पडते ती दिव्याचा प्रकाश परत फेकणारी पट्टी, आणि ती घोट्यावर असेल तर हलताना लवकर लक्षात येते. सायकलला पुढे पांढरा आणि मागे लाल दिवा हवाच.

आठवडाभर उत्साहाने गेलेलं मूल पुढे कंटाळलं तर आधी दप्तर वजनकाट्यावर ठेवा. 25 किलोच्या मुलाच्या पाठीवर अडीच किलोहून जास्त ओझं नको. वजन ठीक असेल तर बहुधा सोबत नाही ही अडचण असते. अशा वेळी चालती बस सुरू करा: ठरलेल्या वेळी ठरलेल्या थांब्यांवरून मुलं गोळा करत मोठी माणसं चालत जातात. ऑस्ट्रेलियातल्या डेव्हिड एंगविच यांनी 1990 च्या दशकाच्या सुरुवातीला ही कल्पना मांडली. चार ते सहा वर्षांच्या तीन मुलांमागे एक मोठा माणूस असावा, त्याहून मोठ्या सहा मुलांमागे एक पुरतो. रोजचा अट्टहास नको, आठवड्यातला एक वार पक्का करा.

कधी थोडक्यात अपघात टळला तर लगेच चालणं बंद करू नका आणि मुलाला दोषही देऊ नका. त्याच दिवशी त्याला घेऊन पुन्हा त्या जागी जा. ते कुठे उभं होतं, गाडी कुठून आली, मध्ये काय आडवं आलं, हे त्याच्या उंचीला वाकून पाहा. अडचण जागेचीच असेल तर वाट बदला. नसेल तर पुढचे चार दिवस ती जागा सोबत ओलांडा, पुढे मूल आणि दोन पावलं मागे तुम्ही.