गवंड्यांनो, पावसाळ्याआधी लेबर कार्डाचं बघा

लेबर कार्ड म्हणजे कर्नाटकच्या बांधकाम कामगार कल्याण मंडळाचं नोंदणी कार्ड. ते काढायला कामाचे दिवस दाखवावे लागतात. सरकारी नोकराची नोंद सर्व्हिस बुकात असते, त्याला काही सिद्ध करावं लागत नाही. गवंडी, बिगारी, सेंट्रिंगवाल्याचं तसं नाही. बेळगावजवळच्या खानापूर भागात पाऊस लागला की काम बसतं आणि कामावर होतो याचा कागदही हातात नसतो. म्हणून हजेरीची वही.

रोज एक ओळ पुरे: ‘१२ फेब्रुवारी, अनगोळ, प्लास्टर, पूर्ण हजेरी’. पुढे घरमालकाचं किंवा ठेकेदाराचं नाव. आठवड्याचा पगार घेताना त्याच पानावर त्याची सही घ्या. काम संपल्यावर सही मागायला गेलात तर ठेकेदार फोनही उचलत नाही.

कर्नाटकच्या बांधकाम कामगार कल्याण मंडळात नोंदणीसाठी वय १८ ते ६० आणि मागच्या १२ महिन्यांत किमान ९० दिवस बांधकामाचं काम लागतं. दिवस सलग नसले तरी चालतात, मालकही वेगवेगळे असू शकतात. पावसात काम बसतं म्हणून जून ते सप्टेंबर धरू नका. ऑक्टोबर ते मे मध्येच ९० भरतील असं बघा.

अर्ज ऑनलाईन होतो. आधार, त्याला जोडलेला मोबाईल (ओटीपी त्यावरच येतो), बँक पासबुक, फोटो, रेशनकार्ड आणि कामाचा दाखला जवळ ठेवा. दाखला मालक-ठेकेदाराचा चालतो. तो देत नसेल तर नोंदणीकृत कामगार संघटना किंवा ग्रामपंचायतीचे पीडीओ (पंचायत विकास अधिकारी) यांच्याकडे वही घेऊन जा. कोऱ्या दाखल्यावर सही घेऊन एजंटाकडून भरून घेऊ नका. बोगस कार्डं शोधायला तपासणी होते तेव्हा असेच दाखले आधी अडकतात, आणि खरा कामगारही त्यात भरडला जातो.

सगळ्यात जास्त अर्ज नावावरून अडतात. आधारवर ‘पाटील मारुती यल्लाप्पा’, पासबुकात ‘मारुती वाय. पाटील’, रेशनकार्डावर कानडीत तिसरंच. मंजूर झालेले पैसेही यावरून खात्यात येत नाहीत. आधी आधार दुरुस्त करा, मग त्याप्रमाणे बँकेत, आणि खातं आधारला जोडलंय ना तेही विचारा.

ई-श्रमचं, म्हणजे केंद्राच्या असंघटित कामगार नोंदणीचं, १२ आकडी कार्ड म्हणजे हे कार्ड नव्हे. चंदगडहून बेळगावात कामाला येणाऱ्यांनी महाराष्ट्राचं कार्ड इथे दाखवून उपयोग नाही, मंडळं वेगळी आहेत. कार्ड काढलं की मुलांचं शिक्षण, लग्न, बाळंतपण, अपघात यांसाठी मदत मागता येते. पण काम नसलेल्या दिवसांचा पगार मंडळ देत नाही, तसं सांगून पैसे घेणाऱ्याला दारातूनच परत पाठवा.

साठीनंतरच्या पेन्शनसाठी कार्डाचं नूतनीकरण चुकवू नका. कामावर अपघात होऊन घरी बसावं लागलं तर डॉक्टरचे कागद वहीतच ठेवा. ९० दिवस मोजताना ती गैरहजेरी वगळतात, तुमच्या विरोधात धरत नाहीत.

सरकारने ठरवलेलं किमान वेतन दर वर्षी १ एप्रिलपासून महागाई भत्ता धरून बदलतं. नवा दर कामगार खात्याच्या कार्यालयात विचारून वहीच्या पहिल्या पानावर लिहा, म्हणजे पगार ठरवताना बोलायला आकडा हाताशी राहील.