मॉरिशस: डासांसाठी आठवड्यातून एकदा घासाघाशी

मॉरिशसमध्ये डेंग्यू आणि चिकुनगुनिया पसरवतो तो मुख्यतः एडिस अल्बोपिक्टस, काळ्या अंगावर पांढरे पट्टे असलेला डास. तो दिवसा चावतो, सकाळी आणि तिन्हीसांजेच्या आधी जास्त. नुसत्या रात्रीच्या मच्छरदाणीवर भिस्त ठेवू नका.

नोव्हेंबर ते एप्रिल, म्हणजे तिथल्या उन्हाळ्यात, दर आठवड्याला साठलेलं पाणी काढा, कारण उकाड्यात अंड्याचा डास व्हायला ७ ते १० दिवस पुरतात. पण पाणी नुसतं ओतून भागत नाही. अंडी पाण्याच्या रेषेच्या जरा वर, भांड्याच्या आतल्या बाजूला चिकटतात. सुकली तरी काही महिने तग धरतात आणि पुढच्या सरीत फुटतात. म्हणून कुंडीखालची ताटली, बादली, पिंप काथ्याने खसाखसा घासा. छतावरच्या टाकीचं झाकण सगळेच बघतात. ओव्हरफ्लो पाइपचं तोंड मात्र हमखास उघडं असतं. तिथे १ मिलिमीटरची जाळी तारेने आवळा. चक्रीवादळानंतर सपाट छतावरची डबकी झाडून काढा.

अंगाला आधी सनस्क्रीन, मग २० ते ३० टक्के डीट (डास पळवणारं रसायन) असलेलं मलम.

ताप आला तर पॅरासिटामॉल. डेंग्यू नाही हे कळेपर्यंत अ‍ॅस्पिरिन किंवा आयबुप्रोफेन नको, रक्तस्रावाचा धोका वाढतो. ताप उतरताना पोटात जोरात दुखलं, उलट्या थांबेनात किंवा हिरड्यांतून रक्त आलं, तर लगेच रुग्णालय गाठा.